मळ्यातल्या घरासाठी बंदूक: वडिलांची दुनळी की नवीन .32?

प्रश्न थोडक्यात असा. कागलच्या बाजूला मळ्यात घर, गावापासून दीड-दोन किलोमीटर आत. घरात नवरा-बायको, दोन शाळकरी मुली आणि 74 वर्षांचे वडील. पलीकडच्या वस्तीवर रात्री दार फोडून चोरी झाली, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मारहाण झाली, तेव्हापासून झोप उडाली आहे. वडिलांच्या नावावर बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) जुनी दुनळी आहे, चामड्याच्या कव्हरात कपाटावर पडून. ती आपल्या नावावर करून घ्यावी, की तिचा निकाल लावून .32 चं रिव्हॉल्वर घ्यावं? आणि कागदपत्रं होईपर्यंत एअरगन ठेवली तर चालेल का?

फौजेत हत्यारं दुरुस्त करणं हाच माझा धंदा होता. आता शहरातल्या एका परवानाधारक दुकानात बसतो. हा प्रश्न घेऊन येणाऱ्या दहातल्या आठ जणांनी रिव्हॉल्वर घ्यायचं मनात आधीच पक्कं केलेलं असतं, माझ्याकडून फक्त मान डोलवून हवी असते. ती मी डोलवत नाही. तुमच्या बाबतीत माझं उत्तर: .32 चा नाद सोडा. दुनळी तपासून घ्या, ठीक असेल तर तीच नावावर करा. पण त्या दोन्हीच्या आधी घराचं मागचं दार बदला.

दाराचं आधी सांगतो, कारण बंदुकीचा हिशेब तिथूनच सुरू होतो. घरात मुली आहेत म्हटल्यावर बंदूक उशाशी भरून ठेवणं विसरा. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार हत्यार कुलूपबंद ठेवायची जबाबदारी परवानाधारकाची आहे. म्हणजे भिंतीत बोल्टने बसवलेली लोखंडी पेटी, त्यात रिकामी बंदूक, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. आता रात्री अडीच वाजता कुत्रं भुंकतंय, मागच्या दारावर पहार बसली आहे. तुम्ही जागे होणार, काय चाललंय ते कळणार, मुलींना आपल्या खोलीत ओढणार, अंधारात पेटी उघडणार, दुसरं कुलूप काढणार, दोन काडतुसं घालून बंदूक मिटवणार. सराव असलेल्या माणसालाही याला मिनिटभर लागतं. सराव नसेल तर चाव्या सापडेपर्यंत चोर माजघरात. मागचं दार मिनिटभर टिकत नसेल तर बंदूक कुठली, किती बोअरची, याला काही अर्थ राहत नाही.

मळ्यातल्या घरांत पुढचं दार सागवानी आणि मागचं, गोठ्याकडचं, पत्र्याचं किंवा प्लायचं, आतून एक कडी. चोराला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. त्या जागी लोखंडी चौकट, आतून आडवा अडसर, बाहेर जाळीचं दार. झोपायच्या खोलीलाही जाड फळीचं दार आणि आतून भक्कम कडी. अंगणात आणि गोठ्यामागे दिवा, त्याचं बटण तुमच्या उशाशी, आणि लाइट जाण्याच्या दिवसांसाठी बॅटरीवर चालणारा एक. एवढं रिव्हॉल्वरच्या किमतीच्या चौथाईत होतं. उरलेल्यात देशी कुत्री दोन पाळा, अंगावर जाणारी नकोत, भुंकणारी हवीत.

आता .32 का नको. आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळणारी हत्यारं म्हणजे मुख्यतः .32 चं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल, .22, बारा बोअर आणि .315 ची रायफल. 9 एमएम, .303 वगैरे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात, त्यांचा विचारही करू नका. कुणी ‘कट्टा’, म्हणजे बेकायदा गावठी पिस्तूल, देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत लावा. ती वस्तू तुमच्याच हातात फुटते, आणि नाही फुटली तरी तुरुंगात घालते.

कानपूरच्या कारखान्याचं .32 रिव्हॉल्वर, सहा बारांचं, बऱ्याच जणांकडे आहे. 2014 मध्ये ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्वर आलं, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. 2023 मध्ये ‘प्रबळ’ आलं, लांब पल्ल्याचं म्हणवलेलं. हत्यारं म्हणून वाईट नाहीत. अडचण चालवणाऱ्याची आहे. आखूड नळी, जड चाप, हलकं वजन, आणि अंधारात धडधडणारं काळीज. चाप ओढताना मनगट खाली जातं आणि गोळी पायाजवळच्या फरशीत किंवा बाजूच्या भिंतीत. रेंजवर दहा मीटरवर कागदाच्या मधोमध मारणारा गडी मी स्टॉपवॉच लावल्यावर पाच मीटरवर कागदच चुकवताना पाहिला आहे. कोल्हापूर नेमबाजांचं गाव खरं. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलातलं सुवर्ण आणलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला कांस्य घेतलं. पण त्यामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव आहे. रिव्हॉल्वरला तसाच सराव लागतो, आणि परवान्यावर काडतुसांची मर्यादा असताना तो तुमच्याकडून होणार नाही. बहुतेकांचा होत नाही. लोक खडकीची पन्नास काडतुसं आणतात, दिवाळीनंतर दोन उडवून बघतात, बाकीची डब्यात.

शिवाय कमरेला लावायचं हत्यार मागितलंत की ‘जिवाला धोका काय’ हा प्रश्न पोलीस चौकशीत कसून येतो. घरसंरक्षणासाठी लांब नळीच्या बंदुकीकडे कायदाच वेगळ्या नजरेनं बघतो. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये संरक्षणासाठी 20 इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे.

आता वडिलांची दुनळी. ती मी पाहिलेली नाही, त्यामुळे काय बघायचं ते सांगतो. बघणाराही परवानाधारक दुकानातला कारागीरच हवा, आणि बंदूक तिथे परवाना घेऊन वडिलांनी स्वतः न्यावी. तुमच्या नावावर कागद होईपर्यंत तुम्ही ती एकट्यानं गाडीत टाकून नेऊ नका. त्यांनी नाव घालून लेखी दिलं असेल तर दुरुस्तीसाठी नेता येते, तेवढीच सवलत.

पहिलं काम, कव्हरातून बाहेर काढा आणि ते कव्हर पुन्हा वापरू नका. चामडं आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरतं आणि ती ओल चार महिने नळीला चिकटून राहते. गगनबावड्याकडून एक बंदूक आली होती, वरून निळी चकचकीत, आणि कव्हराची शिवण जिथे टेकली होती तिथे नखभर खोल गंजाची रेघ. दुसरं नुकसान खंडेनवमीचं. पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू आणि पाणी नळ्यांच्या सांध्यात आणि चापाच्या फटीत गेलं की आतल्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, गंजतात. कुंकवाचं बोट मागच्या लाकडी दस्त्याला लावा, फूल वर ठेवा, आणि त्याच संध्याकाळी तेलाचं फडकं फिरवा.

कारागीर नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करतो, हुकावर बोटानं लटकवतो आणि पेरानं हलकेच टिचकी मारतो. दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट बसलेली असेल तर पितळी घंटेसारखा लांब नाद येतो. ‘खद्द’ असा मेलेला आवाज आला तर पट्टीच्या झाळकामाचा डाग कुठंतरी सुटला आहे, आत ओल शिरलेली असू शकते. मग उजेडाकडे धरून आतून बघायचं. आरशासारखी गुळगुळीत असायला हवी. थोड्या बारीक टिपक्यांसारख्या खाचा असतील तर चालून जातं, पण काडतूस बसतं त्या जागेच्या लगेच पुढे खोल खड्डे असतील तर ती बंदूक भिंतीवर टांगायची. नळीवर बाहेरून लाटांसारखी, लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती जुनी दमास्कस नळी असते. तिच्यात आजची काडतुसं उडवू नका, मग तुमच्या आजोबांनी तिनं कितीही डुकरं मारलेली असोत.

यानंतरची गोष्ट बहुतेक जण विसरतात: काडतुसाच्या घराची लांबी. जुन्या इंग्रजी बंदुकांत ती अनेकदा अडीच इंच, म्हणजे 65 मिलिमीटर असते. आजची बरीच काडतुसं पावणेतीन इंचांची, 70 मिलिमीटरची. ती लांबी काडतूस उडून तोंड उघडल्यानंतरची असते. त्यामुळे न उडालेलं काडतूस आखूड घरातही आरामात बसतं, बंदूक मिटते, कुणाला शंका येत नाही. बार झाला की काडतुसाचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि आतला दाब वाढतो. लांबी बहुधा नळीखाली कोरलेली असते. नसेल तर गेजनं मोजून घ्या. नंतर बंदूक मिटवून दस्ता धरून हलवायची, सांध्यात खडखड नको. सेफ्टी आपोआप बसते का, रिकाम्या बंदुकीत खोटी काडतुसं घालून दोन्ही चाप वेगवेगळे पडतात का, एक ओढल्यावर दुसरा तर पडत नाही ना, हे बघायचं. शेवटी दस्त्याचं मनगट, म्हणजे हाताची मूठ बसते तो बारीक भाग. तिथे केसासारखी चीर असते आणि लोकांनी तिच्यावर फेविकॉल लावलेला असतो.

हे सगळं ठीक निघालं तर नवीन काही घेण्याची गरज नाही. दुनळीत बिघडण्यासारखं फार काही नसतं, आणि घाबरलेल्या हाताला हेच हवं. दोन नळ्या, दोन चाप. एक काडतूस फुसकं निघालं तर दुसरं तयार. पंपची बारा बोअर, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची, चांगली, पण घाबरलेला माणूस पंप अर्धाच ओढतो आणि काडतूस अडकतं. फार तर दुनळी बाद निघाली तर एकनळी नको, पुन्हा दुनळीच बघा.

काडतुसांबद्दल दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस ‘एलजी द्या’ म्हणतो. एलजीत मोजके जाड छर्रे असतात, रानडुकरासाठी ठीक. तुमच्या घरात ते प्लायच्या पार्टिशनमधून, पत्र्यातून, साध्या दारातून पलीकडे जातील. खोलीच्या अंतरावर बारीक छर्राही गोळा होऊनच जातो, प्लाय तोही फोडतो, पण विटांच्या भिंतीत त्याचा जोर लवकर संपतो. म्हणून घरासाठी 4 नंबरच्या आसपासचा छर्रा. आणि बारा बोअरला नेम लागत नाही, नुसती त्या दिशेला धरली की झालं, हा समज डोक्यातून काढा. पाच मीटरवर छर्रे जेमतेम वितीएवढे पसरतात. नेम चुकला की सगळाच बार चुकतो.

आता एका रात्री घरातल्यांना सांगून, बंदूक पेटीतच ठेवून, मोकळ्या हातानं आपल्या खोलीच्या दारात बसा. चोर येईल ती वाट कुठली, आणि त्या वाटेच्या पाठीमागे सरळ रेषेत काय आहे ते बघा. माजघरापलीकडे वडिलांची खाट आहे का? मुलींच्या खोलीला विटांची भिंत आहे की प्लाय? खिडकीबाहेर शेजारच्या वस्तीचा दिवा दिसतो का? ज्या रेषेत माणूस झोपतो त्या रेषेत बार काढायचाच नाही, हे दिवसा ठरलेलं असावं. बऱ्याच घरांत एवढं केल्यावर माणूस आधी खाटा हलवतो, ते चांगलंच. सगळ्यांनी एका खोलीत यायचं, दार लावायचं, 112 लावायचा, ग्रामसुरक्षा यंत्रणेत, म्हणजे एका फोनवर गावभर निरोप जाणाऱ्या सोयीत, गाव असेल तर तिथेही फोन, आणि तुम्ही पलंगाआड दाराकडे तोंड करून. लांब बंदूक घेऊन खोल्याखोल्यांतून चोर शोधत फिरणं नको. 28 इंची नळी कोपऱ्यावरून तुमच्या आधी बाहेर येते आणि कुणीही ती धरू शकतो. म्हणून ती कापून आखूड करावी असं सुचवणारे भेटतील. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे.

कायदा किती साथ देतो तेही नीट समजून घ्या. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि स्वसंरक्षणाची कलमं 34 ते 44 आहेत. कलम 41 नुसार जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा जिवाला वा गंभीर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी चोरी किंवा घुसखोरी, एवढ्या प्रसंगांत मालमत्तेचं रक्षण करताना समोरच्याचा जीव गेला तरी हक्क मानला जातो. पण कलम 37 त्यावर लगाम ठेवतं: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. मळ्यातली मोटार, केबल, शेळ्या नेणाऱ्या आणि पाठ फिरवून पळणाऱ्या माणसावर बार काढलात तर कोर्टात आरोपी तुम्ही. केबल गेली तर जाऊ द्या, नवीन मिळते.

‘हवेत एक बार काढतो, पळून जातील’ हा आपल्याकडचा आवडता उपाय. छर्रे खाली येतातच, आणि दुनळीत उरतं एकच काडतूस. लग्नात, दसऱ्याला, निवडणूक जिंकल्यावर काढलेल्या बारांसाठी तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी पेटी उघडायची नाही.

कागदपत्रांचं. परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असली, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. वडील 74 वर्षांचे आहेत, म्हणजे वाट मोकळी आहे. फॉर्म ए-1, ऑनलाइन अर्ज, हत्यार हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, डॉक्टरचा दाखला, बाकीच्या वारसांची ना-हरकत, मग पोलीस ठाण्याची चौकशी आणि कलेक्टर कचेरी. परवाना पाच वर्षांचा असतो. आधी वडिलांच्या परवान्याची मुदत बघा. अनेक घरांत बंदूक कपाटावर आणि परवाना तीन वर्षांपूर्वी संपलेला असतो, आणि मग नावावर करायच्या अर्जातच ते उघडं पडतं. तसं असेल तर बंदूक ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात रीतसर जमा करून पावती घ्या, आणि मग पुढचं बघा. परवाना तुमच्या नावावर झाला तर बंदूक फक्त तुम्ही वापरायची. तुम्ही साखर कारखान्यावर रात्रपाळीला आणि बायकोनं पेटी उघडायची, हे कायद्यात बसत नाही. तिला चावी नको, फोन आणि दाराची कडी पुरे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकांना बंदूक जमाही करावी लागते, तेव्हाही घर राखायचं ते दार, दिवा आणि कुत्र्यांनीच.

एक अवघड गोष्ट विचारतो, कारण दुकानात समोर बसलात तरी विचारलीच असती. घरात कुणी रोज पितं का? वडील, तुम्ही, येणारा-जाणारा भाऊ? कुणी कर्जापायी, आजारपणापायी खचलेलं आहे का, ‘आता बास झालं’ असं बोलतं का? असं असेल तर बंदूक नावावर करू नका, आजच बाहेर जमा करा, आणि त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. घरातली बंदूक चोरावर चालल्याच्या केसेस माझ्या पाहण्यात फार थोड्या आहेत. घरातल्याच माणसावर, रागात किंवा निराशेत, चाललेल्या त्याहून जास्त.

एअरगनचं एका ओळीत: 0.177 बोअर आणि 20 ज्यूलपर्यंतच्या जोराच्या एअरगनला परवाना लागत नाही, पण तिनं चोर थांबत नाही. उलट समोरच्याला ती खरी बंदूक वाटली आणि त्याच्याकडे कोयता किंवा कट्टा असला, तर जिथे तो पळाला असता तिथे अंगावर येईल. घ्यायचीच तर मुलींना नेमबाजीची गोडी लागावी म्हणून घ्या आणि कोल्हापुरात दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर चौकशी करा. रात्रीसाठी नको.